बेंजामिन फ्रँकलिन : गणितात नापास झालेल्या मुलाचा हिशेब



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर असणार, म्हणून मी एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र लिहायचं ठरवलं. माणूस निवडला बेंजामिन फ्रँकलिन. आपल्यापैकी बहुतेकांना तो पतंग उडवून आकाशातली वीज खाली आणणारा शास्त्रज्ञ म्हणून माहीत आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्यांना तो शंभर डॉलरच्या नोटेवर भेटतो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, इतिहासाची अभ्यासक नाही. पण या माणसाच्या इच्छापत्रातला चक्रवाढ व्याजाचा एक हिशेब काही वर्षांपूर्वी माझ्या वाचनात आला आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते मी वाचत गेले. छापखानेवाला, गुंतवणूकदार, संस्था उभारणारा, राजदूत, शिवाय नवरा, बाप आणि आजोबा, इतक्या भूमिका त्याने ८४ वर्षांत केल्या. त्यातल्या काही उत्तम वठल्या, काही मुळीच नाहीत. आपण सगळे आता चाळिशीत आहोत, म्हणून दोन्ही सांगते.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. दोन बायकांपासून त्यांना १७ मुलं झाली, त्यातला बेंजामिन पंधरावा आणि मुलग्यांमध्ये सर्वांत धाकटा. त्याची शाळा जेमतेम दोन वर्षं झाली. पहिल्या शाळेत तो वर्गात वर होता, पण पुढच्या शिक्षणाचा खर्च झेपणार नाही म्हणून वडिलांनी त्याला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे अक्षर सुधारलं आणि गणितात तो नापास झाला. दहाव्या वर्षी शाळा संपली आणि मुलगा वडिलांच्या हाताखाली मेणबत्तीच्या वाती कापायला बसला. गणित त्याने पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास एकट्याने, पुस्तक समोर ठेवून पुरं केलं. आपल्या गणिताच्या बाईंना ही गोष्ट आवडेल असं वाटतं.

बाराव्या वर्षी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला ठेवलं. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा. जेम्सने १७२१ मध्ये स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. धाकट्याचं लेखन तो छापणार नाही हे उघड होतं, म्हणून बेंजामिनने एका मध्यमवयीन विधवेच्या नावाने पत्रं लिहून रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. अशी १४ पत्रं छापून आली आणि लोकांना आवडली. खरा लेखक कळल्यावर भाऊ खूश झाला नाही. मारहाण आणि भांडणं वाढली. १७२३ मध्ये सतरा वर्षांचा बेंजामिन करार मोडून पळाला आणि फिलाडेल्फियात येऊन पोचला.

तिथे तो ज्या घरात भाड्याने राहिला त्या घरातली मुलगी म्हणजे डेबोरा रीड. दोघांचं जमलं, पण तेवढ्यात पेनसिल्व्हानियाच्या गव्हर्नरने त्याला छापखान्याचं सामान आणायला लंडनला धाडलं. बरोबर पतपत्रं देण्याचं आश्वासन होतं. बोट लंडनला लागल्यावर कळलं की एकही पतपत्र नाही. अठरा वर्षांचा मुलगा परक्या शहरात अडकला. लंडनच्या छापखान्यांत मजुरी करून त्याने दिवस काढले आणि १७२६ मध्ये परत आला. या काळात त्याने डेबोराला एकच पत्र लिहिलं होतं. ती वाट पाहून थकली आणि घरच्यांच्या सांगण्यावरून एका कुंभाराशी लग्न करून बसली. तो कर्जबाजारी होऊन पळून गेला. तो मेल्याची नुसती बातमी आली, पुरावा आला नाही, त्यामुळे तिला कायद्याने दुसरं लग्न करणं धोक्याचं होतं. अखेर १ सप्टेंबर १७३० पासून दोघं समारंभाशिवाय नवरा-बायको म्हणून राहू लागले. त्याच सुमारास फ्रँकलिनला विल्यम नावाचा मुलगा झाला. त्याची आई कोण हे फ्रँकलिनने कधीच उघड केलं नाही. विल्यम डेबोराच्या घरात वाढला.

आता या माणसाच्या खऱ्या कौशल्याकडे येते. एक गोष्ट उभी करायची आणि ती आपल्याशिवाय चालेल अशी तिची रचना करायची, यात तो विलक्षण होता. १७२७ मध्ये, २१ वर्षांचा असताना, त्याने बारा जणांचं एक मंडळ काढलं. नाव जुंटो. काच बसवणारा, चांभार, जमीन मोजणारा, छापखान्यातले कामगार असे हाताने काम करणारे तरुण दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचे आणि वाचलेल्या विषयांवर चर्चा करायचे. पुस्तकं महाग होती. प्रत्येकाने आपली पुस्तकं एका खोलीत आणून ठेवली, पण ती नीट सांभाळली गेली नाहीत आणि प्रयोग फसला. मग १७३१ मध्ये त्याने वर्गणीचं ग्रंथालय काढलं. ५० सभासद, प्रत्येकी सुरुवातीला ४० शिलिंग आणि पुढे वर्षाला १० शिलिंग. ते ग्रंथालय आजही चालू आहे.

त्यानंतर १७३६ मध्ये ३० जणांचं अग्निशमन मंडळ निघालं. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाहून न्यायच्या पिशव्या तयार ठेवायच्या, आग लागली की धावायचं. १७५२ मध्ये घरांचा आगीचा विमा काढणारी परस्पर संस्था निघाली. १७५१ मध्ये अकादमी सुरू झाली, तिचंच पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठ झालं. त्याच वर्षीची रुग्णालयाची गोष्ट मला सर्वांत आवडते. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, पण पैसे जमेनात. फ्रँकलिनने विधिमंडळात असा ठराव आणला की लोकांनी २,००० पाउंड वर्गणी जमवली तर सरकारने तेवढेच घालावेत. विरोधकांना वाटलं एवढी वर्गणी जमणारच नाही, मग हो म्हणायला काय जातं? फुकटात दानशूरपणा पदरात पडेल. इकडे लोकांना वाटलं आपला एक पाउंड दोनाचं काम करतो, मग द्यायला हवाच. वर्गणी जमली, सरकारला पैसे द्यावे लागले आणि रुग्णालय उभं राहिलं. आज अनेक संस्था देणग्या जमवताना हीच युक्ती वापरतात.

व्यवसायातही तीच पद्धत. १७२९ मध्ये त्याने पेनसिल्व्हानिया गॅझेट हे वर्तमानपत्र विकत घेतलं. १७३२ च्या अखेरीस पुअर रिचर्ड या टोपणनावाने पंचांग काढलं, ते पंचवीस वर्षं निघालं आणि वर्षाला दहा हजारांच्या आसपास खपत होतं. पण खरी कमाल त्याने गुंतवणुकीत केली. त्याच्याकडचा एखादा कामगार हुशार आणि भरवशाचा निघाला, तर तो त्याला दुसऱ्या गावी छापखाना काढून द्यायचा. यंत्र आणि टाइप फ्रँकलिनचे, खर्चातला एक तृतीयांश भाग त्याचा आणि नफ्यातला एक तृतीयांश हिस्साही त्याचा. मुदत सहा वर्षं. त्यानंतर त्या माणसाने टाइप विकत घेऊन स्वतंत्र व्हावं. सगळ्या अटी आधीच लिहून ठेवलेल्या, म्हणून भांडणं झाली नाहीत. आपल्यापैकी जे स्टार्टअपमध्ये पैसे घालतात त्यांना हे ओळखीचं वाटेल.

यातली एक शाखा साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनला होती. तिथला भागीदार लुइस टिमथी चांगला शिकलेला होता, पण हिशेब पाठवायच्या नावाने बोंब. १७३८ मध्ये तो वारला आणि त्याची बायको एलिझाबेथ हिने, पदरी लहान मुलं असताना, छापखाना आणि वर्तमानपत्र हातात घेतलं. ती हॉलंडमध्ये वाढलेली, तिथे मुलींना हिशेब शिकवत. दर तिमाहीला तिचे चोख हिशेब फ्रँकलिनकडे येऊ लागले. मुदत संपल्यावर तिने छापखाना विकत घेतला आणि मुलाला त्यात बसवलं. फ्रँकलिनने आत्मचरित्रात तिचा दाखला देऊन म्हटलं आहे की मुलींना नाच-गाण्यापेक्षा जमाखर्च शिकवावा, विधवा झाल्यास त्याचाच उपयोग होतो. अठराव्या शतकातलं हे मत आहे. इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो, त्यामुळे ही एलिझाबेथबाई माझ्या चांगलीच लक्षात राहिली.

१७४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, फ्रँकलिनने धंद्यातून अंग काढून घेतलं. डेव्हिड हॉल या आपल्या फोरमनला त्याने भागीदार केलं. अठरा वर्षं हॉलने छापखाना चालवायचा आणि नफ्यातला अर्धा वाटा फ्रँकलिनला द्यायचा. मिळालेला वेळ त्याने विजेच्या प्रयोगांना दिला. पतंगाचा प्रयोग १७५२ चा. इमारतींवरचा विजेपासून वाचवणारा दांडा ही त्याचीच देणगी, आणि कमी लाकडात जास्त ऊब देणारी शेगडीसुद्धा. यांपैकी कशाचंही पेटंट त्याने घेतलं नाही. दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा आपण घेतो, तर आपलाही सगळ्यांना मोकळा असावा, असं त्याचं म्हणणं होतं. ओपन सोर्सवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हे पटतंच.

पण याच घरात गुलाम होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती पैसे घेऊन छापल्या जात. करार मोडून पळालेल्या या मुलाला त्यातला विरोधाभास खुपायला फार वर्षं लागली. शेवटी तो बदलला. १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हानियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, गुलामगिरी संपवावी असा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. अर्जाचा उपयोग झाला नाही.

घरातलं एक दुःख त्याने जन्मभर बाळगलं. डेबोराला १७३२ मध्ये फ्रान्सिस नावाचा मुलगा झाला होता. १७३६ मध्ये देवीच्या साथीत तो चार वर्षांचा पोर गेला. देवीचं टोचणं तेव्हा माहीत होतं आणि फ्रँकलिन त्याचा पुरस्कर्ता होता, पण मुलगा आजारी असल्यामुळे टोचायचं लांबणीवर पडलं होतं. टोचल्यामुळेच मुलगा गेला अशी अफवा उठली, तेव्हा इतर आईबापांनी घाबरू नये म्हणून त्याने स्वतःच्या वर्तमानपत्रात खरं काय ते छापलं. सात वर्षांनी, १७४३ मध्ये, सारा झाली. तिला घरात सॅली म्हणत.

१७५७ मध्ये पेनसिल्व्हानियाने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून लंडनला पाठवलं. डेबोराला समुद्राची भीती होती, ती गेली नाही. जाताना त्याने तिला कुलमुखत्यारपत्र करून दिलं. दुकान, टपालाचे हिशेब, भाडी, वसुली, सगळं ती आधीपासून बघतच होती. पाच वर्षांनी तो आला, दोन वर्षं राहिला आणि १७६४ च्या अखेरीस पुन्हा गेला. काही महिन्यांत परत येईन असा बेत होता, राहिला दहा वर्षं. फिलाडेल्फियातलं नवं घर तिने पुरं करून घेतलं, तो लंडनहून सूचना पाठवत राहिला. १७६५ मध्ये मुद्रांक कायद्यावरून दंगे उसळले आणि फ्रँकलिनचीच या कायद्याला फूस आहे अशी बोलवा झाली. जमाव घरावर चालून येणार अशी बातमी आली. डेबोराने सॅलीला न्यू जर्सीला सुरक्षित जागी पाठवलं, भावाला आणि नातेवाइकांना बंदुका घेऊन बोलावलं आणि स्वतः घर सोडायला साफ नकार दिला. घर वाचलं.

१७६७ मध्ये सॅलीचं रिचर्ड बेचशी लग्न झालं, तेव्हा बाप लंडनमध्ये होता. लंडनला तो मिसेस स्टीव्हन्सन यांच्या घरी राहायचा, आणि त्यांच्या पॉली या मुलीच्या १७७० मधल्या लग्नाला मात्र तो हजर होता. मध्यंतरी डेबोराला पक्षाघाताचा झटका येऊन गेला. ती पत्रांतून कधी येणार विचारत राहिली, तो पुढच्या मोसमात येतो असं कळवत राहिला. मी प्रोजेक्टसाठी महिनोन्महिने परदेशी राहिले आहे, आपल्यातले कितीतरी जण कायमचे तिकडे आहेत. आपल्याला रोज रात्री फोनवर आईचा चेहरा दिसतो. डेबोराला एका पत्राचं उत्तर मिळायला कित्येक आठवडे लागायचे. डिसेंबर १७७४ मध्ये ती वारली. अंत्ययात्रेला सावत्र मुलगा विल्यम न्यू जर्सीहून बर्फातून आला. नवरा तेव्हाही लंडनमध्येच होता.

त्या वर्षाची सुरुवातही वाईट झाली होती. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची खाजगी पत्रं फ्रँकलिनने अमेरिकेत पाठवल्याचं उघड झालं, आणि २९ जानेवारी १७७४ रोजी लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे सरकारी वकील वेडरबर्न याने भरल्या सभेत तासभर त्याची निर्भर्त्सना केली. फ्रँकलिन एक शब्द न बोलता उभा राहिला. लगेचच टपाल खात्याची नोकरी गेली. तोवर साम्राज्य एकसंध राहावं म्हणून धडपडणारा हा माणूस १७७५ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला उतरला तो स्वातंत्र्यवादी होऊनच. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुदा समितीत तो होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तो फ्रान्सची मदत मिळवायला निघाला. बरोबर दोन नातू होते. विल्यमचा मुलगा टेंपल आणि सॅलीचा सात वर्षांचा बेनी.

अमेरिकेकडे तेव्हा ना पैसा होता, ना आरमार, ना पत. फ्रँकलिनने पॅरिसजवळ पासी गावात मुक्काम ठोकला. दरबारात सगळे पावडर लावलेल्या केसांच्या टोपात मिरवत असताना हा केसाळ कातड्याची टोपी घालून फिरायचा. पॅरिसला ते इतकं आवडलं की त्याची चित्रं अंगठ्यांवर आणि डब्यांवर झळकू लागली. पण नुसत्या लोकप्रियतेने तह होत नाहीत. साराटोगाच्या अमेरिकन विजयाची बातमी डिसेंबर १७७७ मध्ये आली, आणि ६ जानेवारी १७७८ रोजी फ्रँकलिनने एका ब्रिटिश हस्तकाची भेट घेतली. त्याला काहीच दिलं नाही. फ्रेंचांना मात्र धास्ती पडली की हे आपसांत समेट करणार. बरोबर एक महिन्याने, ६ फेब्रुवारीला, फ्रान्सने तहावर सह्या केल्या. वेडरबर्नचा अपमान सोसताना अंगावर होता तोच जुना मखमली कोट त्याने सह्यांच्या वेळी घातला होता, असं सांगतात.

पुढे १६ जुलै १७८२ रोजी १ कोटी ८० लाख लिव्हर कर्जाचा करार त्याच्या सहीने झाला. त्याच वर्षी अमेरिकन प्रतिनिधींनी फ्रान्सला न सांगता ब्रिटनशी तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या केल्या. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन भडकला. फ्रँकलिनने शिष्टाचारात चूक झाल्याचं नम्रपणे मान्य करणारं पत्र लिहिलं, आणि आपल्या दोघांत फूट पडल्याचा आनंद इंग्रजांना मिळू नये, एवढंच सुचवलं. भांडण मिटलं, आणि वर आणखी ६० लाख लिव्हरचं कर्ज मिळालं. ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसचा अंतिम तह झाला.

इतक्या जणांची मनं वळवणाऱ्या या माणसाला एक समेट मात्र करता आला नाही. विल्यम १७६३ पासून न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर होता. पतंगाच्या प्रयोगात बापाबरोबर तोच होता. युद्ध सुरू झाल्यावर तो राजाशी एकनिष्ठ राहिला. १७७६ मध्ये त्याला पकडलं आणि पुढे काही काळ एकांतकोठडीत ठेवलं. न्यूयॉर्कमध्ये त्याची बायको मरणपंथाला लागली, तेव्हाही भेटीची परवानगी मिळाली नाही आणि ती गेली. बापाने त्याच्यासाठी शब्द टाकला नाही. उलट तहाच्या वाटाघाटींत, राजनिष्ठ अमेरिकनांना नुकसानभरपाई द्यायला सर्वांत कडवा विरोध फ्रँकलिनचाच होता. १७८४ मध्ये विल्यमने समेटाचं पत्र पाठवलं, त्याला थंड उत्तर गेलं. १७८५ च्या जुलैमध्ये मायदेशी परतताना साउदॅम्प्टनला चार दिवस दोघांची गाठ पडली. त्या भेटीत बापाने विल्यमची न्यू जर्सीतली जमीन कमी किमतीत टेंपलच्या नावावर करून घेतली आणि जुन्या कर्जाचा हिशेब मिटवला. दोघं पुन्हा भेटले नाहीत.

शेवटची पाच वर्षं फिलाडेल्फियात सॅली, जावई आणि नातवंडांच्या गोतावळ्यात गेली. तीन वर्षं तो पेनसिल्व्हानियाचा अध्यक्ष होता आणि १७८७ मध्ये, ८१ व्या वर्षी, राज्यघटना बनवणाऱ्या सभेत बसला. १७ एप्रिल १७९० रोजी तो गेला. अंत्ययात्रेला सुमारे २० हजार लोक होते.

आता ते इच्छापत्र. बोस्टनच्या ज्या मोफत शाळांत आपण पहिली अक्षरं गिरवली त्यांच्यासाठी त्याने १०० पाउंड ठेवले. त्याच्या व्याजातून दरवर्षी विद्यार्थ्यांना चांदीची पदकं द्यायची होती. दोन वर्षांच्या शाळेचं ऋण माजी विद्यार्थ्याने असं फेडलं. शिवाय बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पाउंड दिले. लोकशाहीत पदाचा पगार घेऊ नये असं त्याचं मत होतं, म्हणून हे पैसे त्याने अध्यक्षपदाच्या पगारातून काढले. या रकमेतून २५ वर्षांखालच्या, उमेदवारी पुरी केलेल्या, विवाहित कारागिरांना १५ ते ६० पाउंडांपर्यंत कर्ज द्यायचं. व्याज ५ टक्के, दरवर्षी मुद्दलाचा दहावा भाग परत, आणि दोन जामीन हवेत. तरुणपणी आपल्याला दोन मित्रांनी कर्ज दिलं म्हणून आपण उभे राहिलो, हे तो विसरला नव्हता.

शंभर वर्षांनी १,००० पाउंडांचे १,३१,००० होतील. त्यातले १ लाख सार्वजनिक कामाला वापरावेत आणि ३१,००० आणखी शंभर वर्षं फिरू द्यावेत, मग त्यांचे ४०,६१,००० होतील. मी हे मोजून पाहिलं. ५ टक्क्यांनी शंभर वर्षांत रक्कम १३१ पटींहून किंचित जास्त होते, आणि ३१,००० गुणिले १३१ बरोबर ४०,६१,०००. गणितात नापास झालेल्या मुलाने दोनशे वर्षांचा हिशेब नीट मांडला होता.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मोडली, अटींत बसणारे कर्जदार मिळेनात. काहींनी कर्ज बुडवलं. तरी १९९० मध्ये दोनशे वर्षं पुरी झाली तेव्हा बोस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाच्या निधीत २० लाखांहून थोडे अधिक. बोस्टनमधली तंत्रशिक्षण देणारी एक संस्था या पैशातून उभी राहिली. मेळाव्यात आपल्या बॅचच्या निधीचा विषय निघणार आहे. तेव्हा माझी सूचना एवढीच, की नियम लिहून ठेवू, पण दर काही वर्षांनी ते बदलण्याची सोयही त्यातच ठेवू.

इच्छापत्रात घरच्यांचाही हिशेब होता. बोस्टनची धाकटी बहीण जेन आयुष्यभर गरिबीशी झगडली. तिला घर आणि वर्षाला ५० पाउंड मिळाले. विल्यमला नोव्हा स्कोशातल्या निरुपयोगी जमिनीवरचे हक्क आणि त्याच्याकडे आधीच असलेली पुस्तकं व कागदपत्रं मिळाली. युद्धात तो विरुद्ध बाजूला होता, हे कारण बापाने इच्छापत्रात लिहून ठेवलं.

घर बहुतांश सॅलीच्या कुटुंबाला गेलं. युद्धाच्या काळात तिने फिलाडेल्फियातल्या बायकांना घेऊन वर्गणी जमवली होती आणि सैनिकांसाठी दोन हजारांहून अधिक शर्ट शिवून घेतले होते. वडिलांकडे एकदा फ्रान्सहून लेस आणि पिसं मागवली, तेव्हा उधळेपणाबद्दल तिला बोलणी खावी लागली होती. तिला खास म्हणून फ्रान्सच्या राजाचं छोटं चित्र मिळालं, त्याभोवती ४०८ हिरे जडवलेले. अट एकच होती, या हिऱ्यांचे दागिने करून तिने किंवा तिच्या मुलींनी मिरवू नये. सॅलीने ती पाळली. दागिना एकही केला नाही. त्यातले काही हिरे विकले, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवऱ्याबरोबर बोटीत बसून ती इंग्लंड पाहून आली.